पूजेला मांडलेली हत्यारं

फोंडाघाट, ८ ऑगस्ट २०२५

लवूमामा,

आई म्हणाली, मामाला फोन कर. मी म्हटलं, फोन करून काय करू? मीच बोलायचं आणि पलीकडून नुसता तुझा श्वास ऐकायचा? गळ्याच्या ऑपरेशननंतर मालवणला तुला बघायला आले तेव्हा तू पाटीवर लिहून बोलत होतास, आणि पाटी भरली की वैतागून निम्मं बोलणं पोटातच ठेवत होतास. मोबाईलवर टाइप करायला तू तयार नाहीस. म्हणून हा कागद. यावर तरी मनसोक्त ओरड.

गॅरेज सुरू झालं एकदाचं. घाट चढायच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच जागा आहे. आयटीआय झाल्यावर कणकवलीत दुसऱ्याच्या गॅरेजात राबले, त्यापेक्षा हे बरं. गिऱ्हाईक अजून आत यायला बिचकतं. परवा एकाने बाहेरूनच विचारलं, "मेस्त्री खंय गेलो?" मी म्हटलं, मेस्त्री मीच. तो म्हणाला, "मगे वायच थांबतंय." आणि खरंच बाहेर बाकड्यावर थांबला, खरा मेस्त्री येईपर्यंत. शेवटी कंटाळून त्याने चावी दिली.

आता कामाचं विचारते. हत्यारं कुठली घेऊ? इथे एक विक्रेता गाडी घेऊन येतो. त्याच्याकडे मोठा लाल डबा आहे, आत पाने, गोट्या, रॅचेट सगळं, आरशासारखं चकचकीत. वरून वस्तूही भरपूर. डबा एकदम घेऊ की एकेक जमवू? चांगलं हत्यार ओळखायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. नुसती नावं पाठ करून घेतली.

उत्तर लवकर पाठव.
तुझी अक्षया

*

मालवण, १७ ऑगस्ट २०२५

अक्षया बाय,

लाल डबा घेऊ नकोस. हे पहिल्यांदा लिहितो, कारण तू पत्र अर्धंच वाचून बाजारात पळणार हे मला माहीत आहे.

चकचकीत म्हणजे चांगलं, असं भांड्यांच्या दुकानात. पान्याला चमक हवी ती गंज धरू नये म्हणून, आणि ती अंगाला घट्ट बसलेली हवी. हलक्या मालाची चमक पापडासारखी सुटते आणि तळहात कापते. आकडा बघ. चांगल्या पान्यावर तो खोल कोरलेला असतो, रंगाने छापलेला नसतो. दुकानात जाताना खिशात एक नवा बोल्ट ने. पाना त्याच्यावर बसव आणि हलव. खडखड वाजला तर तिथेच परत दे, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.

गोटी बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते, म्हणून घेताना आत बघ. सहा कोनांची घे. बारा कोनांची पटकन बसते म्हणून लोकांना आवडते, पण ती बोल्टाला कोपऱ्यांवर धरते. आपल्याकडच्या मासळीच्या गाड्या म्हणजे मिठाच्या पाण्याने न्हालेल्या. त्यांचे बोल्ट गंजून बसतात. कोपरे गेले की बोल्टाचं डोकं गुळगुळीत आणि तू रडकुंडीला. उघड्या तोंडाचा पाना नाइलाज झाला तरच, नाहीतर रिंग पाना. दांड्याला पाइप लावून जोर करायचा नाही. तसं करणाऱ्याला मी गॅरेजातून हाकललेलं आहे.

आणि चाकाचे, ब्रेकचे बोल्ट टॉर्क रेंचशिवाय आवळायचे नाहीत. आपला हात सकाळी एक सांगतो, संध्याकाळी दमल्यावर दुसरंच. रेंचवर जोराचा आकडा लावला की तो खोटं बोलत नाही. मात्र काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल करून ठेव.

माझी हत्यारं आमच्या पोरीने, दीपिकाने, गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली आहेत. कणकवलीचं गॅरेज बंद केल्यापासून त्यांना हात लावला नाही. ती तुला पाठवतो. मी आता त्यांचं काय करणार? पोरीच्या घरात बसून नारळ सोलतो, एवढंच.

तुझ्या आईला, सुभद्रेला सांग, गळ्याला बरं आहे. तिला खोटं सांग, तुला खरं सांगतो. रात्री ठसका लागला की भीती वाटते.

तुझा मामा

*

फोंडाघाट, १० सप्टेंबर २०२५

मामा,

गोणपाट एस.टी.ने आलं. उघडलं तर आई आधी रडली. तिला त्या तेलाच्या वासाने तुझं गॅरेज आठवलं.

काय हत्यारं आहेत रे! रिंग पाना हातात घेतला की तो आपणहून बोल्ट शोधतो. टॉर्क रेंच वापरून बघितला. ठरलेल्या जागी येऊन असा काही कट्‌कन वाजला की मी उगाचच पुन्हा सैल केला आणि पुन्हा आवळला.

आता ओरडू नकोस. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी लाल डबा घेऊन बसले होते. तू लिहिलंस तसंच निघालं, गोट्या सगळ्या बारा कोनांच्या, आणि आकडे पुसायला लागलेत. परत करायला गेले तर तो विक्रेता पुन्हा फिरकलाच नाही. डबा बाकाखाली सरकवून ठेवला आहे. टाकून द्यायला जीव होत नाही.

गणपतीत काम बरं झालं. मालवणहून कोल्हापूरला मासळी नेणारे टेम्पोवाले घाटाआधी थांबून हवा, पाणी, ब्रेक बघून जातात. त्यातला समद नेहमी माझ्याकडेच येतो. म्हणतो, तुझ्या मामांच्या हातामुळे माझ्या अब्बांची जीप बारा गावं फिरली. इद्रीसभाईंचा मुलगा ना तो? येताना कागदात बांगडे बांधून आणतो आणि पैसे घ्यायला लाजवतो.

नवरात्र आलं. खंडेनवमीला तू गॅरेजात पूजा करायचास, ती कशी ते लिही. या वर्षी मला करायची आहे, तुझ्यासारखीच.

अक्षया

*

मालवण, २२ सप्टेंबर २०२५

अक्षया बाय,

डबा घेतलास तर! तरी मला वाटलंच होतं. ठीक आहे, शिकलीस.

खंडेनवमीला सकाळी सगळी हत्यारं डिझेलने धुऊन काढ. सुक्या फडक्याने पूस, मग तेलाचा हात फिरव. पाटावर मांड, मोठी मागे, लहान पुढे. गोंड्याची फुलं, हळदकुंकू, नवीन भाताची लोंबी. नारळ फोड. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सकाळी पुन्हा नमस्कार करेपर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, एक दिवस त्यांचा. माझ्या गॅरेजात हा नियम कधी मोडला नाही. मोठ्या साहेबाची गाडी आली तरी नाही.

तो लाल डबा मात्र पाटावर मांडू नकोस. माझ्या पान्यांना लाज वाटेल.

मामा

*

फोंडाघाट, ९ ऑक्टोबर २०२५

मामा,

पूजा तू सांगितलीस तशी केली. हत्यारांना हात लावला नाही. डबा पाटावर मांडला नाही.

इथे पाऊस जायला तयार नाही. आईची कंबर धरली आहे, म्हणून गॅरेज थोडे दिवस बंद ठेवलं आहे. काळजी करू नकोस. तू गळ्याला जप.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

अक्षया

*

मालवण, २४ ऑक्टोबर २०२५

अक्षया बाय,

दिवाळीला तू येशील म्हणून वाट बघितली. तुझं पत्र एवढंसं आलं तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी आहे. आता कळलं.

इद्रीसभाई परवा बाजारात भेटले. समदची बातमी त्यांच्याकडून ऐकली आणि तसाच त्यांच्यासोबत घरी गेलो. पोराची दशा बघवत नाही गो. खंडेनवमीला मासळी पोचवून कोल्हापूरहून रिकामा उतरताना घाटात टेम्पो गेला, आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. टेम्पोच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. मालक गावभर सांगतो, याला झोप लागली होती. समदची बायको रुकय्या, लहान आहे बिचारी, ती भिंतीकडे तोंड करून बसते.

समद तुझंच नाव काढत होता. म्हणाला, "काका, त्या चेडवान सणादिवशी माझा काम केल्यान. माका मागे धाडल्यान नाय. चूक माझीच. माझो पाय उशिरा पडलो." हेच तो येईल त्याला सांगतो. रात्रीतून उठून रुकय्येलाही विचारतो, माणसाचा पाय किती लवकर हलतो म्हणून.

मी त्याला पाटीवर समजावून लिहिलं. घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतो आणि धरत नाही, गाडी खालच्या गिअरवर उतरवायची असते. होतं असं, चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांचं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. निदान कारण कळलं की माणूस सावरतो, असं मला वाटलं.

तू गॅरेज बंद ठेवून बसलीस ते आता समजलं. रोजचं गिऱ्हाईक, घरच्यासारखा मुलगा, वाईट वाटणारच. पण आपल्या धंद्यात हे बघावं लागतं. तू माझा नियम पाळलास आणि अडलेल्या माणसालाही विन्मुख पाठवलं नाहीस, म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून त्याची गाडी पुढे सोडलीस ना? मला तुझा अभिमान वाटला. इद्रीसभाईंनाही पाटीवर लिहून सांगितलं, भाची माझी आहे.

शटर उघड. आता चांगला जॅक घ्यायचा बघ, तळ रुंद असलेला.

मामा

*

फोंडाघाट, ६ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुझं पत्र वाचलं. अभिमान वाटला, असं पुन्हा कधी लिहू नकोस.

त्या दिवशी पूजा आटपून मी नारळाचा प्रसाद वाटत होते. समद आला. पुढच्या चाकातून खडखड येत होती. मी सांगितलं, आज हत्यारं पाटावर आहेत, उद्या ये. तो म्हणाला, "तुझी पूजा मोडू नको गो, पण तेवढो बोल्ट आवळून दी. मागे बांगडो भरललो आसा, बर्फ इतळता." मी त्याच्याच गाडीतल्या जॅक-पान्याने चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर धरणारे दोन्ही बोल्ट सैल झाले होते. काम साधं होतं, तू डोळे मिटून केलं असतंस.

तुझा टॉर्क रेंच समोर होता. त्याच्यावर गोंड्याचं फूल होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि बाकाखालचा लाल डबा ओढला. तो पूजेत नव्हता ना. मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं ते. नियमही राहिला, माणूसही अडला नाही.

गोटी घसरली. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजले. आणखी जोर केला तर डोकं पूर्ण जाईल म्हणून थांबले. हाताला घट्ट लागलं. मी समदला म्हटलं, जा बिनघोर. तुझ्या पाया पडून सांगते, मला खरंच घट्ट वाटलं होतं.

क्रेनने टेम्पो खाली आणला तो माझ्याच दारात ठेवला, घाटाखाली दुसरी जागा नाही म्हणून. सगळे तो कुठे चेपलाय ते बघत होते. मी चाकात बघितलं. एक बोल्ट गळून गेला होता. दुसरा लोंबत होता, त्याचं डोकं गोल. कॅलिपर फिरून ब्रेकच्या तेलाची नळी तुटली होती. तपासायला आलेला माणूस म्हणाला, ब्रेक तापले असणार, ड्रायव्हरची चूक. मी तिथेच उभी होते. बोल्टाचं मी सांगितलं नाही.

ब्रेक तापले नव्हते मामा. त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हताच.

रुकय्या हॉस्पिटलातून परतताना माझ्याकडे थांबली होती. सणाच्या दिवशी काम केलंस म्हणून माझे हात धरून गेली. आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर कोण माझ्याकडे गाडी घालेल? आधीच सगळे मेस्त्री कुठे आहे विचारतात. मला वाटलं, थोडे दिवस गेले की विसरतील. आणि तू लिहिलंस, तो रात्रीतून उठतो.

मी काय करू?

अक्षया

*

मालवण, १३ नोव्हेंबर २०२५

अक्षया,

पत्र वाचलं. आधी तुझा भयंकर राग आला. गळ्यातून आवाज निघत नाही, म्हणून मी हातातला नारळ भिंतीवर फेकला. दीपिका धावत आली.

मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात राहिली. खंडेनवमीला पूजा झाली की मी शटर खाली ओढून घरी जायचो. गॅरेज बंद. हत्यारांचा दिवस म्हणजे कामाला सुट्टी. पाटावर हत्यारं आणि बाजूला गाडीचं चाक काढलेलं, असं माझ्या गॅरेजात कधी झालंच नाही. तुला मी हात लावू नको एवढं लिहिलं, आणि शटर ओढ हे लिहिलं नाही. ते सांगण्यासारखं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर त्या डब्याची थट्टा केली. थट्टा केली नसती तर तोही पाटावर असता.

हे तुझं ओझं कमी करायला लिहीत नाही. बोल्ट तू आवळलास. डोकं झिजलेलं दिसल्यावर गाडी सोडायची नसते, तिथे पूजा आडवी आली नव्हती. पूजेतला रेंच उचलला असतास तर देवाने काय केलं असतं? मी फार तर चार दिवस रुसलो असतो.

आणि मी काय केलं? त्या पोराला पाटीवर त्याची चूक समजावून दिली. त्याने मान हलवली तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या अक्षरातलं ते त्याने खरं धरलं, कारण मी लवू मेस्त्री. मला पुन्हा जाऊन पाटीवर लिहिता येईल, पण हे माझ्याकडून कळणं बरोबर नाही. ज्याने बोल्ट बघितला त्यानेच सांगायला हवं. तुला गळा आहे.

तुझं गॅरेज राहील असं मी म्हणणार नाही. बहुतेक राहणार नाही. पोलीस विचारतील, मालक ओरडेल, लोक म्हणतील चेडवाच्या हातात पाना दिला की असं होतं. हे तुला जन्मभर ऐकावं लागेल आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तरी जा. आमच्या घरी आधी येऊ नकोस, मी तुला बघितलं तर कदाचित अडवीन.

मामा

*

फोंडाघाट, २४ नोव्हेंबर २०२५

मामा,

मालवणला आले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडावरून गेले आणि वळले नाही.

आधी बाकीचं सांगते. पोलिसांत जाऊन जबाब दिला. मालक इथे येऊन वाट्टेल ते बोलला, आणि माझ्याकडे कामाला ठेवलेल्या दोन्ही गाड्या लोक ओढून घेऊन गेले. तुझी हत्यारं तेल लावून पुन्हा गोणपाटात बांधली आहेत. आई माझ्याशी बोलते, पण जेवायला वाढताना माझ्याकडे बघत नाही.

समदच्या घरी गेले तेव्हा दुपार होती. रुकय्येने चहा केला. मला खाली बसू दिलं नाही, एकुलती एक खुर्ची दिली. समद खाटेवर होता. म्हणाला, "मामांक सांग, तेंनी बरा समजावल्यानी." मी चहा हातात धरून सगळं सांगितलं. आधी नीट सांगता येईना. बोल्टाचं डोकं म्हटलं, डबा म्हटलं, मग पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. रुकय्या दारात उभी होती. इद्रीसभाई मधेच उठून अंगणात गेले.

समद मला एकही वाईट शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं विचारत राहिला. नळी कधी तुटली असेल? वळणाच्या आधी की नंतर? मी म्हटलं, आधी. पेडल एकदम खाली बसलं ना? तो म्हणाला, हो, एकदम खाली. मी म्हटलं, पेडल खाली बसलं म्हणजे तू ते दाबलं होतंस. तुझा पाय त्याच्यावर होता. पुढे ब्रेकच नव्हता.

"परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं. मग अजून एकदा.

रुकय्येने माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. चहा तसाच होता. "तू आता जा गो," ती म्हणाली. मी उठले. मला लाज वाटली, की मला दोन पाय आहेत.

अंगणात इद्रीसभाई पाठ करून उभे होते. मी त्यांच्या बाजूने निघाले, तेवढ्यात आतून समदने हाक मारली. मला वाटलं मला. पण तो त्यांना बोलावत होता.

"अब्बा, आत येवा. आयकलास काय तुमी? माझो पाय वेळार पडललो."

मी खिडकीतून बघितलं. लुंगीखाली जिथे पाय संपतो तिथे त्याने हात ठेवला होता, आणि लहान मूल निजवताना थोपटतात तसा तो थोपटत होता.

अक्षया